लहरींचे मालक आणि श्रोत्यांचा हक्क

वृत्तपत्राच्या मालकाचे हितसंबंध बातमीत उतरू लागले, की जागरूक वाचक फार तर दोन गोष्टी करतो. तो संपादकांस पत्र लिहितो. आणि ते छापून आले नाही की पेपर बदलतो. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकाला तेवढीही वाट नसते. वृत्तमाध्यमांवर बड्या उद्योगसमूहांची पकड घट्ट होत चालली आहे, नागरिकांनी संघटित होऊन तिला विरोध केला पाहिजे, असे परिसंवादांतून नेहमी सांगितले जाते. ते खरेही आहे. परंतु संघटित होऊन नेमके कोणाच्या दारात उभे राहावयाचे, हाती कोणता कागद घ्यावयाचा आणि मागणी कशाची करावयाची, याचा उलगडा त्या भाषणांतून होत नाही. अमेरिकेतील नागरिकांनी हा उलगडा करण्याचा प्रयत्न दोन वेळा केला. १९६४ साली मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहरात मूठभर माणसांनी तो केला आणि त्यांना जवळजवळ पूर्ण यश आले. २००३ साली तो सबंध देशात लाखो माणसांनी केला. त्यांचे यश अर्धेमुर्धे ठरले आणि पुढे तेही बव्हंशी ओसरले. संख्या वाढली की शक्ती वाढते, या सर्वमान्य समजुतीला हा अनुभव छेद देणारा असल्याने तो मुळातून पाहण्याजोगा आहे.

जॅक्सनच्या ‘डब्ल्यूएलबीटी’ या दूरचित्रवाणी केंद्राची मालकी एका आयुर्विमा कंपनीकडे होती. केंद्राच्या प्रक्षेपणक्षेत्रातील लोकसंख्येत सुमारे ४५ टक्के लोक कृष्णवर्णीय होते. पण पडद्यावर ते जवळजवळ दिसतच नसत. नागरी हक्कांच्या चळवळीविषयी राष्ट्रीय वाहिनीवर काही दाखविले जाऊ लागले, की या केंद्रावर त्यात खंड पडे. १९५५ साली थर्गुड मार्शल यांची मुलाखत चालू असताना पडद्यावर तांत्रिक बिघाडाची पाटी झळकली, ही गोष्ट पुढे फार गाजली. बिघाड नेमका कोणाच्या डोक्यात होता, हे जॅक्सनमध्ये सर्वांनाच ठाऊक होते. १९६२ मध्ये मिसिसिपी विद्यापीठात जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून दंगल उसळली, तेव्हा या केंद्राने वंशविभक्तीच्या बाजूने उघड प्रचार केला. त्या राज्यातील चळवळीचे नेते मेडगर एव्हर्स वर्षानुवर्षे उत्तरासाठी वेळ मागत होते. अखेर मे १९६३ मध्ये त्यांना महापौरांच्या भाषणाला उत्तर देण्यासाठी सतरा मिनिटे मिळाली. त्यानंतर महिनाही उलटला नाही, तोच १२ जूनच्या रात्री त्यांच्या घरासमोर त्यांचा खून झाला.

अशा शहरात निषेध कसा संघटित करावयाचा? मोर्चा काढला तर त्याची बातमी देणारे केंद्र तेच. जाहिरातदारांवर दडपण आणावे, तर ते मालकाच्याच पंक्तीला बसणारे. युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट या धर्मसंस्थेच्या दळणवळण विभागाचे प्रमुख रेव्हरंड एव्हरेट पार्कर यांनी या कोंडीतून जो मार्ग काढला तो दिसावयास अगदी नीरस होता. अमेरिकेत दूरचित्रवाणी केंद्राला हवेतील लहरी वापरण्याचा परवाना फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन हा आयोग देतो, आणि त्या काळी दर तीन वर्षांनी त्याचे नूतनीकरण करून घ्यावे लागे. लहरी सार्वजनिक मालकीच्या आहेत, केंद्रचालक त्यांचा केवळ वहिवाटदार आहे आणि सार्वजनिक हित सांभाळण्याच्या अटीवर त्याला ही वहिवाट मिळालेली आहे, हे १९३४ च्या कायद्याचे मूळ सूत्र. केंद्र ही अट मोडत आहे, हे पुराव्यानिशी दाखवावयाचे पार्कर यांनी ठरविले. मार्च १९६४ च्या पहिल्या आठवड्यात जॅक्सनमधील काही स्वयंसेवक आपापल्या घरी संचासमोर बसले आणि सकाळी प्रक्षेपण सुरू झाल्यापासून रात्री ते संपेपर्यंत जे जे दिसले त्याची मिनिटागणिक नोंद त्यांनी केली. कोण बोलले, कशावर बोलले, किती वेळ बोलले, कृष्णवर्णीय माणूस कितीदा दिसला आणि त्याचा उल्लेख कोणत्या शब्दांनी झाला, हे सारे त्यांनी टिपले. या स्वयंसेवकांची नावे गुप्त ठेवण्यात आली; त्या काळच्या मिसिसिपीत ती उघड होण्याचा अर्थ काय होता, हे सांगावयास नको.

हे टिपण घेऊन पार्कर यांच्या संस्थेने ॲरन हेन्री आणि रेव्हरंड रॉबर्ट स्मिथ या दोघा स्थानिक कृष्णवर्णीय नेत्यांसह आयोगाकडे अर्ज केला. आयोगाने दिलेले उत्तर नोकरशाहीच्या इतिहासात जपून ठेवण्यासारखे आहे. परवान्याच्या प्रकरणात दाद मागण्याचा अधिकार दोघांनाच, असे आयोगाचे म्हणणे पडले: ज्याचे आर्थिक नुकसान होते तो प्रतिस्पर्धी, किंवा ज्याच्या लहरींत विद्युतीय अडथळा येतो तो दुसरा केंद्रचालक. म्हणजे शेजारच्या केंद्राला खरखर ऐकू आली तर तक्रार करता येई. शहरातील निम्म्या लोकांचा आवाजच दाबला गेला तर ती करता येत नसे. प्रेक्षक या नात्याने प्रेक्षकाला तेथे काही स्थानच नव्हते. आयोगाने केंद्राला एक वर्षाची मुदत वाढवून दिली आणि वर्तन सुधारण्याचा उपदेश केला.

प्रकरण वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात गेले. तेथे १९६६ साली निकालपत्र लिहिले ते वॉरेन बर्गर यांनी. हे न्यायमूर्ती क्रांतिकारक विचारांचे म्हणून मुळीच प्रसिद्ध नव्हते; ते सनातनी वळणाचेच मानले जात. तरीही त्यांनी स्वच्छ शब्दांत असे ठरविले, की श्रोत्यांचे आणि प्रेक्षकांचे हित आयोग एकटाच पाहील आणि ते पुरेसे होईल, हे गृहीत धरता येणार नाही. ज्यांच्यासाठी प्रक्षेपण चालते त्यांच्या जबाबदार प्रतिनिधींना सुनावणीत उभे राहण्याचा अधिकार आहे. यावर आयोगाने सुनावणीचा सोपस्कार उरकला आणि १९६८ मध्ये केंद्राला पुन्हा पूर्ण तीन वर्षांचा परवाना बहाल केला. नागरिकांनी लिहून आणलेल्या पुराव्याकडे आयोगाने कोणत्या नजरेने पाहिले, याचा समाचार न्यायालयाने पुढच्या वर्षी घेतला. जून १९६९ मध्ये परवाना रद्द झाला. तो निकालही बर्गर यांचाच, आणि त्यानंतर काही दिवसांतच त्यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या सरन्यायाधीशपदाची शपथ घेतली. पुढे ते केंद्र काही काळ गौर व कृष्णवर्णीय विश्वस्तांच्या एका ना-नफा संस्थेने चालविले आणि १९७२ मध्ये तेथे कृष्णवर्णीय महाव्यवस्थापक आला. एका आठवड्याच्या टिपणातून सुरू झालेल्या या प्रकरणाला येथवर पोहोचण्यास आठ वर्षे लागली.

दुसरा लढा मालकीच्या प्रमाणाविषयी होता. एका कंपनीकडे किती केंद्रे असावीत, एकाच गावात वृत्तपत्र आणि दूरचित्रवाणी केंद्र या दोहोंचा मालक एकच असावा काय, यांवर अमेरिकेत जुनी बंधने होती. वृत्तपत्र-दूरचित्रवाणी संयुक्त मालकीवरील बंदी १९७५ ची. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने नभोवाणी केंद्रांवरील देशव्यापी मर्यादा उठविली आणि त्याचे फळ लवकरच दिसले. पूर्वी एका कंपनीला सगळी मिळून चाळीस केंद्रे ठेवता येत. आता क्लिअर चॅनेल या एकाच कंपनीने बाराशेंहून अधिक केंद्रे गोळा केली. दूरच्या शहरात ध्वनिमुद्रित केलेला निवेदकाचा आवाज गावोगावी स्थानिक म्हणून वाजू लागला.

याचा अर्थ काय, हे उत्तर डकोटातील मायनॉट या गावाला जानेवारी २००२ मधील एका कडाक्याच्या थंडीच्या रात्री कळले. मध्यरात्र उलटून गेल्यावर गावाशेजारी मालगाडी रुळांवरून घसरली आणि निर्जल अमोनियाचा विषारी ढग वस्तीवर पसरला. एक मनुष्य मेला, शेकडो लोकांना इजा झाली. घराबाहेर पडू नका, हा निरोप गावाला पोहोचविण्यासाठी पोलिसांनी नभोवाणी केंद्राशी संपर्क साधण्याचा प्रयत्न केला. तो वेळेवर साधला नाही. गावातील सहाही व्यावसायिक केंद्रे क्लिअर चॅनेलच्या मालकीची होती. आणीबाणीच्या सूचनेची यंत्रणा पोलिसांनाच नीट वापरता आली नाही, असा कंपनीचा खुलासा होता आणि त्यात काही तथ्य असेलही. परंतु सहा केंद्रांचे सहा मालक असते तर सहा दारे ठोठावता आली असती, हा साधा हिशेब मायनॉटकरांच्या आणि पुढे सगळ्या देशाच्या मनातून गेला नाही. मक्तेदारीविषयीचे दहा अहवाल जे करू शकले नसते ते या एका रात्रीने केले.

आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष मायकेल पॉवेल यांनी उरलीसुरली बंधनेही सैल करण्याचे ठरविले. त्यांचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हता. जुने नियम तीन वाहिन्यांच्या काळातले आहेत, आता केबल आहे, उपग्रह आहे, इंटरनेट आहे; शिवाय नियमांचे समर्थन आकडेवारीने करा, असे न्यायालयेच आयोगाला बजावत आहेत, असे ते म्हणत. यातील फट एवढीच, की वाहिन्यांची संख्या आणि मालकांची संख्या या दोन भिन्न गोष्टी आहेत; आणि बातमी मिळविण्यासाठी पगारी माणसे गावात पाठविणाऱ्या कचेऱ्यांची संख्या ही तिसरी. पहिली वाढत असताना उरलेल्या दोन्ही घटू शकतात. पॉवेल यांनी या विषयावर एकच अधिकृत सार्वजनिक सुनावणी घेतली, ती फेब्रुवारी २००३ मध्ये व्हर्जिनियातील रिचमंड येथे. आयोगाचे अधिकारी मात्र आठ वर्षांत सुमारे अडीच हजार प्रवास करून आले होते आणि त्यांचा सुमारे २८ लाख डॉलरांचा खर्च प्रामुख्याने त्याच धंद्यातील कंपन्यांनी व संघटनांनी उचलला होता, हे सेंटर फॉर पब्लिक इंटेग्रिटी या संस्थेने त्याच सुमारास उजेडात आणले.

अशा वेळी आयोगातील अल्पमताच्या दोन सदस्यांनी जे केले, ते सरकारी मंडळांवरील सभासद क्वचितच करतात. मायकेल कॉप्स हे एकेकाळचे इतिहासाचे प्राध्यापक. जोनाथन ॲडेलस्टीन हे दक्षिण डकोटाचे. या दोघांनी गावोगाव जाऊन अनधिकृत सुनावण्या भरविल्या. त्यांना शेतकरी आले, संगीतकार आले, शिक्षक आले, नोकरी गेलेले वृत्तनिवेदक आले. राष्ट्रीय वाहिन्यांनी या साऱ्याची दखल नाममात्र घेतली, आणि त्यात नवल ते काय? ज्यांच्या मालकीचा प्रश्न होता त्यांच्याच हाती बातमी होती. माध्यमांविरुद्धच्या प्रत्येक चळवळीपुढे हा पेच असतो. कामगार संपावर गेले तर वृत्तपत्र विरोधात का होईना पण चार ओळी छापते; वृत्तपत्राच्या मालकीविरुद्ध सभा झाली तर त्या चार ओळीही महाग होतात. म्हणून या चळवळीला संघटनांच्या सभासदयाद्यांवर, चर्चच्या पत्रकांवर, पोस्टकार्डांवर आणि इंटरनेटवर भिस्त ठेवावी लागली.

त्यातून जी युती उभी राहिली तिला राजकीय पंडितांनी आधी वेड्यात काढले असते. बंदूकधाऱ्यांची नॅशनल रायफल असोसिएशन आणि युद्धविरोधी महिलांची कोड पिंक; कॅथलिक बिशपांची परिषद आणि नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन; ग्राहकांची संघटना कन्झ्युमर्स युनियन आणि पडद्यावरील अश्लीलतेविरुद्ध लढणारी पालकांची परिषद. सनातनी स्तंभलेखक विल्यम सफायर यांनीही पॉवेल यांच्यावर टीकास्त्र सोडले. या मंडळींचे एकमेकांशी कशावरच पटत नव्हते. आपले म्हणणे मांडावयास जागाच उरणार नाही, ही भीती मात्र सर्वांची एक होती. त्यांनी परस्परांची मते बदलण्याच्या भानगडीत न पडता एकाच मागणीवर बोट ठेवले: नियम सैल करू नका. डाव्या चळवळींना आपल्याकडे जे साधत नाही ते येथे साधले, याचे कारण मागणी लहान ठेवण्यात आली. आयोगाकडे पत्रांचा पाऊस पडला. मतदानाच्या वेळेपर्यंत साडेसात लाखांच्या आसपास आणि पुढे वीस लाखांहून अधिक लोकांनी आपले मत कळविले. बहुतेक सारे विरोधातच होते. २ जून २००३ रोजी आयोगाने तीन विरुद्ध दोन मतांनी नियम सैल केले.

पत्रे वाया गेली, असे त्या दिवशी वाटले. पण ती केवळ आयोगाला लिहिलेली नव्हती, आपापल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधींनाही होती. जुलैमध्ये प्रतिनिधिगृहाने ४०० विरुद्ध २१ मतांनी राष्ट्रीय मर्यादा पूर्ववत करणारे विधेयक मंजूर केले. सप्टेंबरमध्ये सिनेटने ५५ विरुद्ध ४० मतांनी आयोगाचा निर्णयच अमान्य करणारा ठराव केला; त्याच्या पुरस्कर्त्यांत डेमोक्रॅट बायरन डॉर्गन यांच्या जोडीला रिपब्लिकन ट्रेंट लॉट होते. प्रतिनिधिगृहाच्या नेत्यांनी मात्र हा ठराव मतास येऊच दिला नाही. अखेर तडजोड झाली. एका कंपनीच्या केंद्रांनी देशातील जास्तीत जास्त किती टक्के घरांपर्यंत पोहोचावे, याची जुनी मर्यादा ३५ टक्के होती. आयोगाला ती ४५ हवी होती. जानेवारी २००४ मध्ये ठरली ३९. हा आकडा कोठून आला? व्हायाकॉम आणि न्यूज कॉर्पोरेशन या दोन कंपन्या मर्यादा ओलांडून अगोदरच तेथवर जाऊन पोहोचल्या होत्या. त्यांना एकही केंद्र विकावे लागू नये, एवढ्या मापाचा अंगरखा काँग्रेसने शिवून दिला. आधी अतिक्रमण करावे आणि मग सीमारेषा त्याच्या पलीकडे आखून घ्यावी, ही रीत आपल्या नगरपालिकांना अपरिचित वाटणार नाही.

न्यायालयाची आघाडी फिलाडेल्फियातील प्रोमिथियस रेडिओ प्रोजेक्ट या चिमुकल्या संस्थेने सांभाळली. गावपातळीवरची कमी शक्तीची नभोवाणी केंद्रे उभारून देणारी ही मंडळी एका चर्चच्या तळघरातून काम करीत. सप्टेंबर २००३ मध्ये त्यांच्या अर्जावरून अपील न्यायालयाने नवे नियम स्थगित केले आणि जून २००४ मध्ये ते आयोगाकडे फेरविचारासाठी परत पाठविले. जॅक्सनच्या निकालाने श्रोत्यांसाठी उघडलेल्या दारातूनच हे लोक आत गेले होते.

याच वर्षी चळवळीचे आणखी एक हत्यार वापरून पाहण्यात आले. बासष्ट केंद्रांच्या सिंक्लेअर समूहाने अध्यक्षीय निवडणुकीच्या तोंडावर जॉन केरी यांच्यावर चिखलफेक करणारा चित्रपट दाखविण्याचा घाट घातला. नागरिकांनी समूहाच्या मुख्य कचेरीला पत्रे लिहिण्यात वेळ दवडला नाही. त्यांनी गावोगावच्या केंद्रांवर जाहिरात देणारे मोटारविक्रेते, फर्निचरवाले आणि उपाहारगृहवाले गाठले. समूहाच्या समभागाचा भाव कोसळला आणि अखेर चित्रपटाचे काही तुकडे घेऊन बेतलेला वेगळाच कार्यक्रम दाखविण्यात आला. परिणाम तात्काळ झाला, हे निर्विवाद. तरीही या हत्याराविषयी सावध असलेले बरे. जाहिरात काढून घेण्याची धमकी देऊन वृत्तपत्राला वठणीवर आणता येते, हा धडा उद्योगपतींना नागरिकांच्या फार आधीपासून पाठ आहे. त्याच धमकीला चळवळीने नैतिक प्रतिष्ठा दिली, की उद्या एखाद्या निर्भीड पत्राविरुद्ध ती वापरली जाताना हरकत घेणे कठीण जाते.

पुढचा इतिहास थोडक्यात असा. आयोगाने २००७ मध्ये पुन्हा प्रयत्न केला. न्यायालयाने २०११ मध्ये तो हाणून पाडला. २०१७ मध्ये आयोगाने वृत्तपत्र-दूरचित्रवाणी संयुक्त मालकीवरील बंदी पुन्हा उठविली. अपील न्यायालय पुन्हा आडवे आले. अखेर १ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने आयोगाच्या बाजूने निकाल दिला. मालकीचे केंद्रीकरण चांगले, असे न्यायालयाने म्हटले नाही. आयोगाचा निर्णय अवाजवी ठरत नाही, एवढेच म्हटले. कंपन्यांचे वकील अठरा वर्षे त्याच दारात बसून होते. वीस लाख पत्रलेखक तोपर्यंत आपापल्या कामाला लागलेले होते, आणि त्याबद्दल त्यांना दोष तरी कसा द्यावा? ३९ टक्क्यांच्या मर्यादेवरही आयोगाने २०२५ मध्ये नव्याने मते मागविली.

भारताची कथा वेगळी आहे, कारण येथे वृत्तपत्राला लहरींचा परवाना लागत नाही आणि तो लागू नये हेच इष्ट. न्या. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ मध्ये बड्या भांडवलापुढे लहान पत्रांचा निभाव लागावा म्हणून किंमत आणि पृष्ठसंख्या यांची सांगड घालण्याची शिफारस केली. १९५६ मध्ये तसा कायदा झाला. त्याला आव्हान दिले ते पुण्याच्या ‘सकाळ’ने, आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. सरकारच्या हाती पृष्ठे मोजण्याची फूटपट्टी द्यावयाची नाही, हा त्या निकालाचा गाभा योग्यच होता. पण भांडवलाच्या फूटपट्टीचे काय, हा प्रश्न त्यामुळे सुटला नाही. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत एका नेत्याची स्तुती शब्दशः त्याच मजकुरात, वेगवेगळ्या बातमीदारांच्या नावे छापून आल्याचे पी. साईनाथ यांनी दाखवून दिले. त्यांची पद्धत जॅक्सनच्या स्वयंसेवकांचीच होती: कात्रणे शेजारी शेजारी ठेवणे. प्रेस कौन्सिलच्या द्विसदस्य उपसमितीने पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर नावानिशी अहवाल लिहिला. कौन्सिलने २०१० मध्ये त्याचा सौम्य सारांश तेवढा प्रसिद्ध केला, आणि मूळ अहवाल बाहेर यावयास २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश व्हावा लागला.

आपल्याकडे नागरिक पत्रे लिहीत नाहीत, असे मात्र म्हणता येणार नाही. २०१५ मध्ये इंटरनेटच्या समान वापराचा प्रश्न दूरसंचार नियामक प्राधिकरणाने चर्चेस ठेवला, तेव्हा दहा लाखांहून अधिक लोकांनी त्याला ई-पत्रे पाठविली, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये प्राधिकरणाने भेदभावाच्या दरांना मनाई केली. त्याच प्राधिकरणाने ऑगस्ट २०१४ मध्ये माध्यमांच्या मालकीवर सविस्तर शिफारशी केल्या होत्या. वृत्तपत्र आणि दूरचित्रवाणी यांच्या एकत्रित मालकीवर बाजारपेठेगणिक मर्यादा घालावी, राजकीय पक्षांना प्रक्षेपणाच्या धंद्यात येऊ देऊ नये, जाहिरातीच्या मोबदल्यात समभाग घेण्याचे वृत्तपत्रांचे खासगी करार बंद करावेत, असे त्यांत म्हटले होते. त्यांचा कायदा झाला नाही. एप्रिल २०२२ मध्ये प्राधिकरणाने याच विषयावर पुन्हा एक चर्चापत्रिका काढून लोकांची मते मागविली. दहा लाखांचा तो लोंढा या वेळी प्राधिकरणाच्या दाराशी आला नाही. आणि ज्या वाहिन्यांवरून व वृत्तपत्रांतून लोकांना ही पत्रिका निघाल्याचे कळावयाचे होते, त्यांचे मालकच त्या पत्रिकेचा विषय होते.